पहिला दोर वर कोणी बांधला?

पिंपळगाव राजा हे घाटाखालचं गाव. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन, आणि पावसाळा सरून हवा धुतली गेली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. कड्यावर दोराला लटकलेला माणूस इथं कुणाच्या रोजच्या पाहण्यातला नाही. काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एका सुळक्याच्या चढाईवर आम्ही मित्रांनी बावीस मिनिटांचा माहितीपट केला आणि पहिल्यांदा दाखवला तो गावातच, एका अंगणात, भिंतीवर पांढरी चादर ताणून. दिवे लागल्यावर एका आजोबांनी विचारलं, "हा गडी तं दोरानं चढते, पन पयला दोर वरतं बांधला कोनं?"

आमच्या माहितीपटात याचं उत्तर नव्हतं. सूर्यास्त होता, ड्रोनमधून दिसणारी दरी होती, माथ्यावर फडकणारा झेंडा होता. आजोबांनी विचारलं ते मात्र आम्ही गाळलं होतं, कारण आम्हाला ते इतकं माहीत होतं की दाखवायचं सुचलंच नाही. आपल्याला दुर्गम डोंगरातल्या चढाईवर माहितीपट करायचा असेल, तर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हा एक प्रश्न उशाशी ठेवा.

आधी त्याचं उत्तर देतो. पहिला दोर वर कोणीच बांधलेला नसतो. सगळ्यात पुढे जाणारा, ज्याला गिर्यारोहक 'लीड' म्हणतात, तो दोराचं एक टोक कमरेच्या पट्ट्याला म्हणजे हार्नेसला बांधून खालून निघतो. खाली उभा असलेला जोडीदार लागेल तसा दोर सोडत राहतो आणि लीड पडला तर दोर जागच्या जागी धरतो. याला 'बिले देणं' म्हणतात. वर जाताना लीड कातळाच्या भेगेत खिळा किंवा पाचर बसवतो, नाहीतर भोक पाडून बोल्ट ठोकतो. त्यात कॅराबिनर, म्हणजे झडपेची कडी, अडकवतो आणि दोर तिच्यातून ओवतो.

आता शेवटच्या कडीपासून तो 2 मीटर वर गेला आणि हात सुटला, तर तो किमान 4 मीटर खाली येतो. कडीपर्यंतचे 2 आणि कडीखालचे 2. दोर ताणला जातो ते अंतर वेगळं. हे सगळं चार दृश्यांत दाखवता येतं: हार्नेसची गाठ, बिले देणाऱ्याचे हात, दोर कडीत जातानाचा 'टक्' आवाज, आणि शेवटची कडी लीडच्या पायाखाली किती दूर राहिली ते. हे कळलेल्या प्रेक्षकाला पुढचं प्रत्येक पाऊल आपोआप धडकी भरवतं. पार्श्वसंगीत लागत नाही.

आता पहिल्या टप्प्याकडे येऊ: विषय. "अमुक सुळका चढलो" ही बातमी झाली, माहितीपट तिच्यावर उभा राहत नाही. कोण चढतंय, त्याच्या आड काय येतंय आणि ते पार झालं नाही तर त्याचं काय जाईल, हे आपल्याला तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर कॅमेरा भाड्याने घेऊ नका. गोष्ट लहान असली तरी चालते. पंचेचाळिशीत पहिल्यांदा हार्नेस बांधणारी बाई ही गोष्ट आहे. तीस वर्षांपूर्वीचे गंजके बोल्ट बदलायला निघालेले दोघं, हीसुद्धा.

दुसरा टप्पा जागेच्या पाहणीचा. चित्रीकरणवाले याला 'रेकी' म्हणतात. उदाहरण म्हणून लिंगाणा घेऊ. रायगड आणि तोरणा यांच्यामध्ये सुमारे 2,969 फूट उंचीचा हा सुळक्यासारखा किल्ला. घाटमाथ्यावर मोहरी हे छोटं गाव. तिथून पुढे रायलिंगाचं पठार लिंगाण्याच्या अगदी समोर येतं, आणि बोराट्याच्या नाळेने उतरलं की लिंगाण्याच्या खिंडीत पोचता येतं. नाळ म्हणजे कड्यातली दगडधोंड्यांनी भरलेली उतरती घळ.

पठार पूर्वेला आणि लिंगाणा पश्चिमेला. त्यामुळे सकाळी सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी असतो आणि समोरचा कातळ उजळतो, दोरावरचा माणूस स्वच्छ दिसतो. संध्याकाळी तोच लिंगाणा काळी आकृती होतो आणि मागे रायगड. म्हणजे चढाईचे बारकावे सकाळी टिपायचे आणि आकाशावर उठणारी रेषा संध्याकाळी. हे घरी नकाशावर कळतं, पण खात्री जागेवर उभं राहूनच होते. ज्या ऋतूत चित्रीकरण, त्याच ऋतूत आणि त्याच वेळी रेकी करा. डिसेंबरात पाहिलेली जागा एप्रिलच्या धुरकट हवेत ओळखू येत नाही.

रेकीला जाताना पायथ्याच्या गावात एक रात्र तरी मुक्काम करा. दुर्गम म्हणजे ओसाड नव्हे. पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, कोणत्या घळीतून दगड येतात, आग्या माशांची पोळी कुठे लागतात, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. आग्यामोहोळाचा धोका सह्याद्रीत फार खरा आहे. दोराला बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. पोळं दिसलं तर मार्ग बदला, आणि ड्रोन तर त्या बाजूला नेऊच नका.

उजेडाबद्दल आणखी एक, राहवत नाही म्हणून. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर 1835 साली कर्नल साइक्स यांनी इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे. इंद्रवज्र म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, मधोमध आपलीच सावली. सूर्य पाठीमागे नि खाली दरीत धुकं असेल तरच ते दिसतं. असं काही मिळालं तर टिपा, पण त्याच्या आशेवर दिवसाचा आराखडा बांधू नका.

तिसरा टप्पा परवानग्यांचा. हा कंटाळवाणा आहे आणि इथंच सगळ्यात जास्त मोहिमा अडतात. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात चित्रीकरणाला वन विभागाची लेखी परवानगी लागते. सातपुड्यातला नरनाळा आपल्या भागातल्या लोकांना जवळचा वाटतो, पण तो मेळघाटच्या जंगलात आहे, हे विसरू नका. रायगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करावा लागतो. ड्रोनसाठी 2021 चे नियम आहेत आणि हवाई हद्दीचे हिरवे, पिवळे, तांबडे पट्टे सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळाच्या नकाशावर पाहता येतात. हिरव्या पट्ट्यात असलो तरी वन विभागाची परवानगी वेगळी. एक कागद दुसऱ्याची जागा घेत नाही.

हिमालयातल्या शिखरासाठी दिल्लीच्या भारतीय गिर्यारोहण संस्थेकडे, म्हणजे 'आयएमएफ'कडे, अर्ज आधीपासून करावा लागतो. सीमेलगतच्या भागात प्रवेशाचे वेगळे परवाने असतात. आणि उपग्रहावरून चालणारा सॅटेलाइट फोन आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. परदेशातला मित्र देतो म्हणाला तरी घेऊ नका.

चौथा टप्पा माणसं निवडण्याचा, आणि माझ्या मते सगळं इथं ठरतं. कॅमेरा धरणारा आधी गिर्यारोहक असला पाहिजे. चांगल्या छायाचित्रकाराला दोन आठवड्यांत दोरावर नेऊन लटकवणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय त्याचे डोळे चौकटीत राहत नाहीत, आपल्या गाठीकडे जातात. कातळावर सहज वावरणाऱ्याला कॅमेरा शिकवणं त्या मानाने सोपं. 'फ्री सोलो' हा माहितीपट करणारे जिमी चिन स्वतः मुरलेले गिर्यारोहक आहेत. 3 जून 2017 रोजी अ‍ॅलेक्स हॉनॉल्ड अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्यावर दोराशिवाय चढला, तेव्हा त्या माहितीपटासाठी सगळ्यात अवघड जागी चिन यांनी माणूस ठेवलाच नाही, दुरून चालणारे कॅमेरे लावले. जवळ कुणी असलं आणि चढणाऱ्याचं लक्ष विचलित झालं, तर त्याची किंमत काय, हे त्यांना नेमकं कळत होतं.

पथक लहान ठेवा. सह्याद्रीतल्या एका सुळक्यासाठी दोरावर एक कॅमेरा, समोरच्या पठारावर लांब भिंगाचा दुसरा, आवाजासाठी एक आणि या सगळ्यांची सुरक्षा पाहणारा एक एवढे पुरतात. सुरक्षा पाहणाऱ्याच्या हातात कॅमेरा देऊ नका. तो 'थांबा' म्हणाला की थांबायचं, मग उजेड कितीही सुरेख असो.

आता सामान. डोंगरात वीज नाही, म्हणून हिशेब बॅटरीपासून सुरू होतो. थंडीत लिथियमच्या बॅटरीचा दम लवकर संपतो. रात्री त्या झोपायच्या पिशवीत अंगाशी घेऊन झोपा आणि दिवसा आतल्या खिशात ठेवा. गोठणबिंदूखाली गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर ती कायमची बिघडते, आधी तिला ऊब द्या. विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात.

साठवणुकीचं गणित साधं आहे. सेकंदाला 100 मेगाबिट या दराने चित्रीकरण केलं तर तासाला 45 जीबी जागा लागते. रोज 2 तास, 12 दिवस, म्हणजे 1,080 जीबी. याच्या दोन प्रती लागतात, म्हणजे दुप्पट. उंचावर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नेऊ नका. तिचं वाचणारं टोक हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं आणि बहुतेक डिस्क 3,000 मीटरपर्यंतच्याच उंचीसाठी बनवलेल्या असतात. फिरता भाग नसलेली एसएसडी न्या.

आणखी एक चूक हमखास होते. बाहेर गारठलेला कॅमेरा थेट तंबूतल्या उबेत आणला की भिंगावर आणि आतही दव धरतं. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग आत आणा आणि तासभर पिशवी उघडू नका. दव पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. पावसाळी सह्याद्रीतही हीच युक्ती चालते.

या अडचणी आजच्या नाहीत. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत छायाचित्रकार जॉन नोएल यांनी तळावरच्या तंबूत फिल्म धुतली आणि याकच्या शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी पेटवून वाळवली. आपल्याकडे गोवरीवर काय काय होतं हे आपण जाणतो, पण जगातल्या सर्वांत उंच डोंगराचा चित्रपटही तिच्यावर वाळला आहे. 1924 ला ते पुन्हा गेले तेव्हा लांब पल्ल्याच्या भिंगाने मैलांवरून गिर्यारोहकांचे ठिपके टिपले. रायलिंगावरून लिंगाणा टिपणं ही त्याच रीतीची गोष्ट.

सामान आलं की घरी सराव. हातमोजे घालून, अंधारात, बॅटरी नि कार्ड बदलता आलं पाहिजे. प्रत्येक वस्तूला दोरी बांधा: कॅमेऱ्याला, भिंगाच्या झाकणाला, मोबाइललाही. 100 मीटरवरून सुटलेली बॅटरी खालच्या माणसाला दगडासारखी लागते.

प्रत्यक्ष चित्रीकरणात कॅमेरावाल्याचा दोर चढणाऱ्याच्या दोरापासून पूर्ण वेगळा हवा. वेगळा दोर, वेगळे बोल्ट, शक्यतो कडेला. बहुतेक वेळा तो आधीच बांधून ठेवतात आणि कॅमेरावाला त्यावर जुमार लावून चढतो. जुमार म्हणजे दोरावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी मूठ. वरच्या बाजूला असताना पायाखालचा सुटा दगड ढळू देऊ नका. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट कातळ थराथरांचा, काही थर पोलादी, काही भुसभुशीत.

कॅमेरा कुठे ठेवायचा? नवखे लोक पायथ्याशी उभे राहून वर धरतात. त्यात माणसाची पाठ नि बूड दिसतं आणि कडा चपटा होतो, उंची कळतच नाही. बाजूने किंवा वरून घेतलेल्या दृश्यात चेहरा, बोटं आणि खालची दरी एका चौकटीत येतात. दुसरी चूक उजेडाची. कॅमेरा आपोआप उजेड ठरवत असेल तर काळ्या कातळासमोर तो चित्र जास्त उजळ करतो आणि आकाश पांढरं फटक पडतं. बर्फात उलट होतं, बर्फ राखाडी दिसतो. उजेड हाताने ठरवा, चढणाऱ्याच्या चेहऱ्यावर.

आवाज हा या सगळ्यात दुर्लक्षित भाग. आमच्या पहिल्या दिवसाचा जवळपास सगळा आवाज वाऱ्याने खाल्ला. चित्र उत्तम होतं आणि लीड काय बोलतोय ते एक अक्षर कळत नव्हतं. कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर विसंबू नका. चढणाऱ्याच्या कॉलरच्या आत छोटा माइक लावा, बाहेरच्या माइकवर केसाळ आवरण चढवा, आणि प्रत्येक जागी मिनिटभर कोणीही न बोलता फक्त तिथला आवाज नोंदवा. वारा, दूरची गुरांची घंटा, दोर घासल्याचा आवाज. संकलनात हे मिनिट सोन्याचं ठरतं.

उंचीवर मेंदू मंदावतो. 5,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. म्हणून काय टिपायचं ते खालीच कागदावर लिहून न्या, शिखरासाठी तर तीनच दृश्यं. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत 19 मे 2012 रोजी एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा त्या मार्गावर गिर्यारोहकांची लांबच लांब रांग होती. अशा ठिकाणी माथ्यावरचं प्रत्येक मिनिट परतीच्या वाटेतून वजा होतं. हातमोजा काढून बटणं शोधत बसायला तिथं सवड नसते.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी बसून एक गोष्ट ठरवा. अपघात झाला तर कॅमेरा खाली. पुरेसे हात मदतीला आहेत अशी सुरक्षा पाहणाऱ्याची खात्री झाल्यावरच तो पुन्हा उचलायचा. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात माणसं सापडली, तेव्हा डेव्हिड ब्रेशर्स यांचं पथक आयमॅक्सच्या भव्य पडद्यासाठी चित्रीकरणाला तिथंच होतं. त्यांनी स्वतःसाठी वर साठवलेला प्राणवायू दिला आणि जखमींना खाली आणायला मदत केली. नंतर 23 मे रोजी ते शिखरावर गेले आणि चित्रपटही पुरा झाला. कॅमेऱ्यासाठी "पुन्हा एकदा चढून दाखव" असंही कोणाला म्हणू नका. दमलेला माणूस दुसऱ्यांदा त्याच जागी पडतो.

रोज संध्याकाळी, कितीही थकवा असो, कार्ड दोन ठिकाणी उतरवायचं आणि त्या दोन प्रती दोन वेगळ्या माणसांच्या पाठपिशवीत ठेवायच्या. दोन्ही एकाच पिशवीत असतील आणि पिशवी दरीत गेली, तर प्रत एक काय नि दहा काय. सोबत वहीत चार ओळी लिहा: आज काय मिळालं, काय राहिलं, कोण काय बोललं.

खाली आल्यावर मुलाखती. त्या लगेच घेऊ नका, फार उशीरही करू नका. आठवड्याभरात माणसाला झोप मिळालेली असते आणि भीती अजून आठवत असते. "कसं वाटलं?" विचारलंत तर "खूप छान वाटलं" हेच मिळेल. "तिसऱ्या बोल्टच्या वर तुमचा उजवा पाय थरथरत होता, तेव्हा खाली काय दिसत होतं?" असं विचारा. पायथ्याच्या गावातल्या लोकांनाही असंच नेमकं विचारा, त्यांच्या भाषेत, आणि प्रत्येकाकडून मराठीत लिहिलेलं साधं संमतीपत्र घ्या. वाचून दाखवा, मग सही.

संकलन म्हणजे चोवीस तासांतून पंचवीस मिनिटं निवडणं. आधी सगळं पाहा, एकही तुकडा न कापता. मग गोष्टीचे तीन-चार सांधे ठरवा. नकाशा एकदा तरी दाखवा, नाहीतर प्रेक्षकाला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. तांत्रिक शब्द पहिल्यांदा आला की चित्रातच त्याचा अर्थ दिसला पाहिजे. ड्रोनची दृश्यं फार गोड लागतात, म्हणून दोन-तीनच ठेवा. सिनेमाचं गाणं हक्क घेतल्याशिवाय वापरता येत नाही. त्यापेक्षा ते वाऱ्याचं मिनिट वापरा.

दाखवायचं कुठे? मुलुंडच्या गिरिमित्र संमेलनात राज्यभरचे डोंगरवाले भेटतात. मुंबईचा 'मिफ' हा माहितीपटांचा महोत्सव 1990 पासून भरतो आहे. परदेशात इटलीतला ट्रेंटो 1952 पासून आणि कॅनडातला बान्फ 1976 पासून डोंगरांवरच्या चित्रपटांसाठीच आहेत. तिथं पाठवायचं तर इंग्रजी उपशीर्षकं चांगल्या माणसाकडून करून घ्या. पण या सगळ्याआधी, माहितीपट पक्का करण्यापूर्वी, डोंगराशी काही संबंध नसलेल्या दहा माणसांना तो दाखवा. ते कुठे कुजबुजतात, कुठे मोबाइल काढतात ते मागे बसून टिपून ठेवा.

आम्ही त्या प्रश्नानंतर एका रविवारी पुन्हा सुळक्यापाशी गेलो. फक्त ती चार दृश्यं घेतली आणि माहितीपट पंचवीस मिनिटांचा झाला. तो पुन्हा त्याच अंगणात, त्याच चादरीवर लावला. दोर कडीत गेला, 'टक्' वाजलं, तेव्हा पुढे बसलेली पोरं त्या आवाजासरशी तोंडाने 'टक्' करू लागली. आजोबा काही बोलले नाहीत, नुसती मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाच्या कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर एक पोरगं चढत होतं, कमरेला वाळत घालायच्या कपड्यांची दोरी. दुसरं खाली दोन्ही हातांनी ती धरून उभं होतं. "सोडू नको ना बे!" वरचा म्हणाला. खालचा म्हणाला, "बिले देऊन ऱ्हायलो ना!"